जरा आवाज मोठा करा

१२ जानेवारी

ठकूबाई,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. मागची दोन तू न फोडताच परत पाठवलीस. म्हणून या वेळी पाकिटावरच मोठ्या अक्षरात लिहिलं, "रडगाणं नाही, बातमी आहे."

बातमी अशी, की तुझ्या नवऱ्यावर सिनेमा निघतोय. माजी म्हण हवं तर. तू त्याला सोडलंस, पण माझ्या मानगुटीवरून जावई काही उतरला नाही. बोलघेवड्यावर सिनेमा, आणि तोही विनोदी!

परवा डायरेक्टर बाई घरी आल्या. बाई कसली, तुझ्याहून लहान पोरगी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. बसायच्या आधीच म्हणाली, "आजी, ज्या माणसाला दोनदा रेडिओवरून हाकललं, ज्याच्यावर महापौरांनी खटला भरला, डॉक्टरांनी मोर्चा काढला, आणि तरी सकाळी सातला ज्याला ऐकल्याशिवाय हे शहर दात घासत नव्हतं, त्याच्यावर नाही तर कुणावर सिनेमा काढायचा?"

मी म्हटलं, "त्याच्या सासूवर काढा. निम्मे विनोद तर तिच्याच जिवावर केले त्याने."

ती इतकी हसली की पेन्सिल खाली पडली. मग तिने टेप काढला आणि माझं स्वयंपाकघर मोजलं. ओटा मोजला, खिडकी मोजली, कपाटाचं न लागणारं दार मोजलं. घरजावई कुठे राहत होता ते हुबेहूब दाखवायचंय म्हणे. नळाचे तर इतके फोटो काढले, की मला वाटलं याचंच लग्न जमवतायत. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

आणि हो, तू विचारणार नाहीस तरी सांगते. रेडिओ अजून तिथेच फळीवर आहे आणि अजून लागतो. आता त्याचा कार्यक्रम रविवारी सकाळीच असतो, तेवढा मी चुकवत नाही. "एक तर हा आवाज या घरात राहील, नाहीतर मी," असं तू दारात म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले, ते तुला अजून डाचतंय, ठाऊक आहे मला. त्याचं कारण आहे. ते आज सांगत नाही. तू एक अक्षर लिहीत नाहीस, तर मी सगळंच का सांगू?

तुझी,
आई

३ फेब्रुवारी

ठकू,

पाकीट परत आलं नाही. म्हणजे फोडलंस. मी कपाटाच्या त्या दाराला टेकून एकटीच हसत बसले.

काल मला शूटिंग बघायला नेलं होतं. काय सांगू आणि कसं सांगू! बाहेरून पत्र्याचं भलंमोठं गोदाम, कबुतरांनी घाण केलेलं. आत वायरी ओलांडत, अंधारात धडपडत गेले, आणि समोर माझं स्वयंपाकघर. माझं, बाई! ओट्याची उडालेली कड, बटणाभोवतीचा तेलकट डाग, सगळं. छप्पर तेवढं नव्हतं. वर बघितलं तर दिवे टांगलेले आणि माणसं चढून बसलेली. मी कपाटाचं दार लावायला गेले, तर ते लागेना. हात म्हणत होता घरी आलीस, डोळे म्हणत होते गोदामात आहेस, आणि मी मधल्या मध्ये खुळ्यासारखी उभी.

एक माणूस तर निव्वळ नळ गळवायला ठेवलाय. गुडघ्यावर बसून मला विचारतो, "आजी, कसा गळायचा तुमचा?" मी म्हटलं, "लागोपाठ दोन थेंब. मग जरा दम खातो. मग एक." त्याने खालची चावी किंचित फिरवली, आणि आपला नळ गळायला लागला. तेवढ्यात कुणीतरी पलीकडची दिव्यांची दांडी वर सरकवली, आणि खिडकीत सकाळ झाली. मी देवाला घाबरणारी बाई, पण सकाळ करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. बनियनवर होता आणि दात कोरत होता.

आता फजिती ऐक. हातात वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी आली आणि मला खसकन ओढून म्हणाली, "मावशी, तुम्ही इथे कुठे? शेजारणींच्या रांगेत चला."

"अगं, मी सासू आहे," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "छे! सासूबाई केवढ्या जाडजूड आहेत. तुम्ही शेजारीणच."

बघ म्हणजे! तुझ्या नवऱ्याने रेडिओवर मला इतकी वर्षं लठ्ठ केली, की आता माझ्यात त्याचीच सासू मावेना. मला शेजारणीचं लुगडं मिळालं आणि माझ्याच खिडकीतून माझ्याच घरात डोकावायला उभं केलं. खरी सासू, म्हणजे खोटी, पोटाला कापूस बांधून आली. नटी मोठी आहे, पण स्वभावाने साधी. तिला कळलं मी कोण, तर माझ्या पाया पडायला वाकली आणि कापूस आडवा आला.

ती म्हणाली, "आजी, तुमचा आवाज मला सापडत नाही. ते रेडिओवर काढतात तसा काढला तर खोटा वाटतो." मी तिला टेलिफोन एक्स्चेंजमधला, माझ्या नोकरीतला आवाज काढून दाखवला. "लाईनवर राहा" असं म्हणताना शेवटचं अक्षर खाली ठेवायचं, आपटायचं नाही. तिने एकदाच ऐकलं, तोंड उघडलं, आणि मी बाहेर आले. मला मीच ऐकू आले! माझा हात आपसूक माझ्या तोंडाकडे गेला, बंद आहे ना ते बघायला.

तोही होता. लांब, खुर्चीवर. फार वाळलाय. आणि नियतीचा विनोद बघ, ज्याने सगळ्या शहराचे कान किटवले, त्याच्या कानात आता यंत्र आहे. मला बघून उठला आणि म्हणाला, "सासूबाई, तुम्ही बारीक झालात."

मी म्हटलं, "जावईबापू, मी होतेच. तुम्ही बघितलंत आज."

आई

१९ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र बसून वाच.

आज त्यांनी दुकान उभं केलं. आपल्या कोपऱ्यावरचं. साबणांची उतरंड, वजनाचा काटा, वर फळीवर रेडिओ. डायरेक्टर पोरीने मला हौसेने गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं केलं, "आजी, तुमचा पायगुण," म्हणून. काय दाखवणार आहेत ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसाबद्दल आपण दोघींनी कधी अवाक्षर काढलं नाही. आज मी काढते. जेवताना त्याच्याशी काय बोलायचं, ते तू आधी नळ सोडून, नळापुढे म्हणून बघायचीस. कारण घरातही माईक त्याच्याच हातात. तुला दोन वाक्यं मिळाली तर नशीब, म्हणून ती घासूनपुसून तयार ठेवायचीस. हे तू त्याला एकदा हसत, विश्वासाने सांगितलंस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याने सुरुवात केली, "मंडळी, माझी बायको नळाशी बोलते." तुझा आवाज काढून. पाण्याचा आवाज काढून. मग लोकांचे फोन. कुणी म्हणे मी बादलीशी बोलतो, कुणी म्हणे माझी बहीण इस्त्रीशी भांडते. तासभर शहर लोळत होतं. आणि तू साबण आणायला दुकानात.

त्यांच्या कथेत काय आहे माहीत आहे? तू किंचाळतेस, साबणाचा डबा रेडिओवर फेकून मारतेस, आणि सगळी उतरंड दुकानदाराच्या डोक्यावर कोसळते. हे त्यानेच वर्षानुवर्षं रेडिओवर सांगितलंय, आणि आता त्यालाही ते खरं वाटतं. रांगेतल्या आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, पोट धरून हसायचं.

सगळे हसले. मी हसले नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा उतरंड रचली, पुन्हा पाडली. मी नाही हसले. शेवटी डायरेक्टर पोरगी माझ्यापाशी आली. "आजी, हसा ना. चित्रात तुम्ही एकट्याच खांबासारख्या दिसताय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "असं झालं नव्हतं."

"मग कसं झालं होतं?"

ठकू, मला ठाऊक आहे कसं झालं होतं. तुला माहीत नाही की मला ठाऊक आहे. तू गेल्यावर दुकानदाराने मला हाक मारून सांगितलं होतं. सगळी गिऱ्हाइकं हसत होती, त्यांतल्या कुणालाच कल्पना नव्हती की ती बायको इथेच उभी आहे. आणि तू म्हणालीस, "जरा आवाज मोठा करा." तासभर उभी राहिलीस, शेवटपर्यंत ऐकलंस, साबणाचे पैसे दिलेस आणि घरी येऊन बॅग भरलीस.

मी तुझी आई. तुला न्हाऊमाखू घातलं मी. पण हे ऐकल्यापासून मला तुझा जरा दरारा वाटतो. माझ्याच्याने झालं नसतं. मी डबा फेकला असता.

मी त्या पोरीला म्हटलं, "ते सांगणं माझं नाही. माझ्या मुलीचं आहे. तिला विचारते." तिने त्या प्रसंगाचं काम तिथेच थांबवलं, दुकान तसंच उभं ठेवलंय. फार दिवस ठेवता येणार नाही, गोदाम भाड्याचं आहे. तू नाही म्हणालीस, तर शहर डब्यावर हसेल आणि तेच खरं होऊन बसेल. तू हो म्हणालीस, तर सगळ्यांना कळेल. मला दोन्हींची भीती वाटते. तूच सांग.

आई

२ मार्च

उत्तर नाही.

एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. मेलेली लाईन आणि पलीकडे माणूस गप्प बसलंय ती लाईन, यातला फरक मला कानाला लावताच कळायचा. जिवंत लाईनला एक बारीक ऊब असते. नव्या मुलींना मी हेच शिकवायची, की कुणी बोलत नाही म्हणून खटकन तोडू नका, आधी ऐका.

पत्रात मात्र ते कळत नाही, मेलं.

१५ मार्च

ठकू,

तुझं कार्ड आलं. चार शब्द. "सांग. पण त्याच्यासमोर सांग." मी ते वाचलं आणि चहा उतू गेला.

तर सांगितलं. त्याच्यासमोर, त्या खोट्या दुकानात, साबणांच्या शेजारी. पहिल्यांदा तो कानाला हात लावून म्हणाला, "काय? काय म्हणाली ती?" यंत्र नीट बसलं नव्हतं. म्हणजे मला तुझं वाक्य त्याला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ओरडून. "जरा आवाज मोठा करा, म्हणाली!" गोदामभर घुमलं ते.

तो बोलला नाही. तुला माहीत आहे, हा माणूस ठसका लागला तरी ठसक्यावर बोलायचा. रेडिओवर क्षणभर जरी शांतता झाली तरी लोक कान फिरवतात, हे त्याचं ब्रह्मवाक्य. तो माणूस उतरंडीकडे बघत गप्प. वर दिव्यांवर चढलेली माणसंसुद्धा हलेनात. मग त्याने एवढंच विचारलं, "तासभर?"

"अख्खा तास," मी म्हटलं. "पैसे देऊन गेली."

डायरेक्टर पोरीने पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे कागदावरचा डबा खोडून टाकला. ठरलं असं, की रेडिओवरचा आवाज त्याचाच घ्यायचा, काचेच्या खोलीत बसून, इकडे चित्र चालू असताना. तुझं काम करणारी मुलगी दुकानात उभी. त्याने सुरुवात केली, "मंडळी, माझी बायको..." आणि अडकला. नुसता श्वास यायला लागला. काही जणांनी डोळे पुसले. पोरगी हळूच म्हणाली, "हेच ठेवू. किती सुंदर आहे हे."

मी म्हटलं, "नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण माझं तोंड काही थांबेना. "त्या दिवशी ते अडकले नव्हते. आता अडकले तर लोकांना त्यांचीच दया येईल. ती तासभर उभी होती. जावईबापू, तुम्ही पुरतं बोला. तेव्हा बोललात तसंच."

काचेपलीकडे तो खुर्ची मागे सारून उभा राहिला, आणि बोलला. सगळं. नळ, पाणी, तुझा आवाज, बादलीवाला, इस्त्रीवाली. आणि ठकू, तुझ्यापासून लपवत नाही, तो अजून हसवतो. म्हातारा झाला, बहिरा झाला, घाम फुटला होता, तरी तिसऱ्या वाक्याला दिवेवाला फसकन हसला. मग रांग हसली. माझ्याही पोटात हसू उठलं आणि मी दात दाबून ते गिळलं. तेव्हा मला कळलं तू काय सोसलंस. नुसतं लागणारं असतं तर माणूस रडून मोकळं होतं. हे लागणारंही होतं आणि हसू आणणारंही होतं, आणि तू त्यात सरळ उभी राहिलीस. कशी गं राहिलीस?

मग त्या मुलीने म्हटलं, "जरा आवाज मोठा करा." दुकानदाराचं काम करणाऱ्याने बटण फिरवलं. रांगेला कुणी थांबा म्हटलं नव्हतं. हसू आपोआप मावळत गेलं, शेवटच्या माणसापर्यंत, आणि वर रेडिओ एकटाच खिदळत राहिला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. पोरगी 'कट' म्हणायची विसरली.

बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता बोलेल. पण तो मला गाडीपर्यंत सोडायला आला, बस.

आता ते कारण सांगते. मी रेडिओ का बंद केला नाही ते. मला वाटायचं, हा माणूस जे काही करतो ते रेडिओवर करतो. उद्या माफी मागितली तर तीही तिथेच मागेल. आणि नेमकी त्या दिवशी आपल्या घरातलं कुणी ऐकत नसलं तर? म्हणून ऐकत राहिले. एवढंच आहे ते. तेव्हा दारात सांगायला हवं होतं, पण तू जिना उतरलीही होतीस.

आई

२४ नोव्हेंबर

ठकू,

सिनेमा लागला. थिएटर तुडुंब. सासूवर लोक इतके हसले की पुढची वाक्यं ऐकू येईनात, शेजारच्या गृहस्थांनी हसता हसता माझ्या गुडघ्यावर थाप मारली, "काय सासू आहे हो!" मी म्हटलं, "नमुना आहे." मग दुकान आलं. ते सगळे, तेच सगळे, नळावर हसले. आणि तुझं वाक्य आलं, आणि एवढं मोठं अंधारातलं माणूस चिडीचूप झालं. कुणाच्या हातातला कागद चुरगळला तो मला मागच्या रांगेतून ऐकू आला. मी मान वळवून लोकांची तोंडं बघितली. माझी मुलगी एक वाक्य बोलली होती, एका दुकानात, कुणीही ऐकत नसताना, आणि ते ऐकायला आता एवढी माणसं श्वास धरून बसली होती.

हे झालं शुक्रवारी. कालचा रविवार तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने काय झालं ते माहीत नाही. म्हणून लिहिते.

सात वाजले. मी फळीवरचा रेडिओ लावला. त्याचा नेहमीचा गोंगाट नाही, संगीत नाही. तो म्हणाला, "मंडळी, आज विनोद नाही. आज मला एका नळाबद्दल बोलायचंय, आणि एका बाईबद्दल." मी हातातली कपबशी खाली ठेवली. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती घडी आली होती, आणि मी ऐकत होते, घरातलं कुणीतरी ऐकत होतं.

आणि फोन वाजला.

मी उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. दुसरी कुणी असती तर ठेवून दिला असता. पण मी ऐकलं. लाईन जिवंत होती. आणि श्वासाच्या मागे आणखी काहीतरी होतं, मी डोळे मिटले तेव्हा कळलं. पाणी वाहत होतं. ठकू, तू नळ सोडून उभी होतीस.

माझ्याशी काय बोलायचं ते म्हणून बघत होतीस ना?

तिकडे फळीवर तो सांगत होता, "मी त्या सकाळी..." मी हात लांब केला आणि रेडिओ बंद केला. पुढे तो काय म्हणाला मला माहीत नाही. लोक म्हणतात फार चांगलं बोलला. बोलला असेल.

बटणाचा खटका तुला ऐकू गेला असणार. कारण थोड्या वेळाने तिकडचं पाणी थांबलं. लागोपाठ दोन थेंब पडले, मग एक. आणि तू म्हणालीस, "आई, मी बोलू?"

मग तू बोललीस. मी मध्ये एकदाही बोलले नाही, आहे की नाही? एक्स्चेंजमध्येसुद्धा एवढी लांब लाईन मी कधी धरली नव्हती.

आता पुढच्या रविवारी मीच फोन लावीन. हे शेवटचं पत्र समज. टपालाला फार पैसे पडतात, आणि मी किती चिकट आहे ते तू रेडिओवर ऐकलंच असशील.

आई